भीमा नदीखोऱ्यातील मासेमारीचे हंगाम

भीमा नदीखोऱ्यातील मासेमारीचे हंगाम : पाण्याची पातळी, तापमान, गढूळपणा, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन व माशांचा प्रजननकाल यांत ऋतुमानानुसार बदल होतात. या बदलांमुळे भीमा नदी, तिच्या उपनद्या व त्यांवरील जलाशय यांतील मासेमारीस एक निश्चित वार्षिक चक्र प्राप्त झाले आहे. मासा केव्हा, कोठे व कोणत्या साधनाने मिळेल हे या चक्रावर अवलंबून असते. ते केव्हा पकडू नये हेही त्यावरूनच ठरते.

भीमा ही कृष्णेची प्रमुख उपनदी. ती पुणे जिल्ह्यात भीमाशंकर येथे सह्याद्रीत उगम पावते आणि आग्नेयीकडे सु. ८६० किमी. वाहत जाऊन कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेस मिळते. तिचे खोरे सु. ७०,६०० चौ. किमी. असून त्याचा सु. तीन-चतुर्थांश भाग महाराष्ट्रात आहे. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, सीना व माण या तिच्या मुख्य उपनद्या होत. खोऱ्यातील पर्जन्यमान अत्यंत विषम आहे. घाटमाथ्यावर वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किमी. पूर्वेस असलेल्या दौंड-इंदापूरच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात तो ५०० मिमी.च्या आसपास असतो. यामुळे नदीला येणारा पूर हा स्थानिक पावसाचा नसून दूरच्या घाटमाथ्यावरील पावसाचा असतो. मासेमारीच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

जलाशय : खोऱ्यातील जलाशयांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. खडकवासला (१८७९), भाटघर (१९२८), मुळशी, वळवण, पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, डिंभे इ. पहिल्या वर्गातील जलाशय सह्याद्रीच्या दऱ्यांत आहेत. ते खोल, उभ्या काठांचे, स्वच्छ व तुलनेने थंड पाण्याचे असून त्यांत माशांचे खाद्य कमी असते. दुसऱ्या वर्गाचे ठळक उदाहरण म्हणजे उजनी येथील भीमेवरील धरणाचा (१९८०) यशवंतसागर हा जलाशय. तो पठारावरील सपाट भूमीवर पसरलेला असून विस्तीर्ण, उथळ काठांचा व खाद्याने समृद्ध आहे. त्याचा जलविस्तार पूर्ण पातळीला तीनशे चौ. किमी.हून अधिक होतो. भारतात ५,००० हेक्टरांवरील जलाशय मोठे समजले जातात. त्या मानाने उजनीचा विस्तार किती मोठा आहे हे लक्षात येईल. पुणे जिल्ह्यातील दौंड व इंदापूर, सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांतील अनेक गावांची उपजीविका त्याच्याशी निगडित आहे. परंपरेने मासेमारी करणारे भोई व कोळी यांच्याबरोबरच ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, अशी कुटुंबेही येथे मासेमारीकडे वळली आहेत.

मत्स्यजाती : भीमेच्या माशांचा शास्त्रीय परिचय प्रथम डब्ल्यू. एच. साइक्स यांनी करून दिला. दख्खनमधील माशांविषयीच्या त्यांच्या १८३९–४१ मधील लेखनात ४६ जातींची वर्णने आहेत आणि त्यांतील पुष्कळ नमुने भीमा, मुळा-मुठा व इंद्रायणी या नद्यांतील होते. दख्खनी महसीर (टॉर खुद्री) या जातीचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळाला होता. महसीर, शिंगाडा, मरळ, वांब व लहान खवल्यांचे अनेक मासे हे नदीचे मूळ रहिवासी होत. अहेर हा सर्पाकृती मासा समुद्रात जन्म घेऊन वाढीसाठी नदीत शिरतो. कृष्णेवरील व भीमेवरील धरणांनी त्याचा मार्ग अडविल्याने तो आता दुर्मिळ झाला आहे. कटला, रोहू व मृगळ हे उत्तर भारतातील नद्यांचे प्रमुख कार्प मासे येथे बीज सोडून वाढविले जातात. सायप्रिनस, गवत्या व चंदेरा हे परदेशी कार्प होत. चिलापी (तिलापिया) या मूळच्या आफ्रिकी माशाची एक जाती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. उजनीत आज सर्वांत विपुल मिळणारा मासा हाच आहे.

पावसाळा (जून ते सप्टेंबर) : हा प्रजननाचा काळ होय. पहिल्या मोठ्या सरींनंतर पाण्याचे तापमान उतरते, प्रवाह वाढतो, पाणी गढूळ होते आणि काठची नवी जमीन पाण्याखाली जाते. या बदलांच्या एकत्रित चेतनेने पक्व मादी व नर पुराच्या विरुद्ध दिशेने वर चढू लागतात. घाटाखालील ओढ्यांत व भातखाचरांत मिळणाऱ्या अशा माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. ते अंड्यांनी भरलेले असल्याने चविष्ट मानले जातात. बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून किंवा नुसत्या हातांनीही ते पकडतात. मात्र या वेळी पकडलेल्या एका मादीबरोबर हजारो, मोठ्या कार्पांच्या बाबतीत लाखो, अंडी नष्ट होतात.

प्रमुख कार्पांची अंडी पाण्यात फुगून प्रवाहाबरोबर वाहतात आणि अनुकूल तापमानात सु. पंधरा ते वीस तासांत फुटतात. त्यांना वाहते पाणी व पुराने भिजलेले उथळ काठ लागतात. जलाशयाच्या स्थिर पाण्यात त्यांची वाढ उत्तम होत असली, तरी प्रजनन क्वचितच यशस्वी होते. झाले तर ते जलाशयाच्या वरच्या टोकाशी, जेथे नदी शिरते तेथे होते. महसिराची अंडी याहून भिन्न असतात. ती संख्येने कमी, आकाराने मोठी (व्यास सु. ३ मिमी.) व जड असल्याने दगडगोट्यांत तळाशी बसतात आणि फुटण्यास सु. तीन दिवस घेतात. तितका काळ स्वच्छ व प्राणवायुयुक्त पाणी त्यांवरून वाहत राहावे लागते. वाळूउपसा व ओढ्यांत साचणारा गाळ महसिरास विशेष घातक ठरतात याचे कारण हेच होय.

पुराच्या दिवसांत नदीपात्रात जाळी टाकणे जवळजवळ अशक्य असते. वाहून येणारी झाडे, काटेरी फांद्या व जलपर्णीचे तांडे यांमुळे जाळी फाटतात किंवा वाहून जातात. भीमेच्या मधल्या भागात पुराची वेळ वरच्या धरणांवर अवलंबून असते. घाटावरील जलाशय जुलै-ऑगस्टमध्ये भरतात व त्यांचे दरवाजे उघडल्यावर पाणी दौंडवरून उजनीत येते. म्हणून स्थानिक आकाश निरभ्र असतानाही उजनीची पातळी झपाट्याने वाढू शकते. दौंड येथील विसर्गाचा आकडा हा शेतकऱ्यांइतकाच मच्छीमारांच्याही नित्य लक्षात असतो. काठावर ओढून ठेवलेल्या होड्या व पाण्यात लावलेली जाळी तो पाहूनच हलविली जातात.

या चक्रास धरणांमुळे एक बाधा आली आहे. पूर्वी जूनच्या मध्यास येणारा पहिला लोंढा आता वरच्या धरणांत अडतो आणि खालच्या नदीला पूर येतो तो ती भरल्यानंतर, बहुधा उशिरा. अंडी पक्व होऊनही योग्य वेळी प्रवाह न मिळाल्यास मादी ती न घालता शरीरातच शोषून घेते. तसेच धरणांच्या भिंती चढून जाता येत नसल्याने प्रजननासाठी होणारे स्थलांतर खंडित झाले आहे. नैसर्गिक बीजाची ही तूट मत्स्यबीज केंद्रांतील बीजाने भरून काढावी लागते. पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून कार्प माशांचे प्रजनन घडविण्याचे तंत्र १९५७ मध्ये हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी भारतात यशस्वी केले. त्यामुळे नदीतून बीज गोळा करण्याची गरज कमी झाली. बीज सोडण्याचा काळही हंगामाशी बांधलेला असतो. पावसाळ्यात तयार झालेले मत्स्यजिरे तळ्यांत वाढवून बोटुकली एवढे झाल्यावर, म्हणजे पूर ओसरू लागल्यावर जलाशयात सोडणे इष्ट असते. त्याहून लहान बीज सोडल्यास ते बव्हंशी शिंगाडा, मरळ यांसारख्या भक्षक माशांच्या तोंडी जाते.

हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी) : पावसाळा संपताच जलाशय पूर्ण भरलेले असतात व गाळ खाली बसून पाणी निवळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नव्याने बुडालेल्या जमिनीवरील कुजणाऱ्या वनस्पतींतून पोषकद्रव्ये मिळाल्यामुळे प्लवकांची वाढ होते, मासे चांगले पोसतात आणि मासेमारी समाधानकारक असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाणी थंड होते. मासे शीतरक्ताचे असल्याने त्यांचे चयापचय मंदावते. ते कमी खातात, कमी हिंडतात व खोल पाण्यात राहतात. जाळ्यात मासा सापडतो तो मुख्यतः त्याच्या हालचालीमुळे; साहजिकच या दोन महिन्यांत उत्पन्न घटते. शिवाय पाणी पारदर्शक असल्याने माशांना जाळे दिसते. म्हणून कल्ल्यांत अडकविणारी जाळी सूर्यास्ताच्या सुमारास लावून पहाटे उचलतात. शुक्ल पक्षातील उजळ रात्रींपेक्षा अंधाऱ्या रात्री अधिक मासळी मिळते, या मच्छीमारांच्या अनुभवाचे कारणही हेच आहे.

या काळात पाण्याची पातळी कालव्यांच्या आवर्तनांबरोबर हळूहळू उतरते व काठाची दलदल उघडी पडते. भिगवण व कुंभारगाव परिसरात याच दलदलीवर रोहित (अग्निपंख) व इतर स्थलांतरित पक्षी येतात. त्यांना पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांना होडीतून नेणे हा तेथील मच्छीमारांचा हिवाळ्यातील पूरक व्यवसाय झाला आहे. मासळी कमी मिळण्याच्या दिवसांत त्याचा त्यांना आधार होतो.

उन्हाळा (मार्च ते मे) : तापमान वाढताच मासे पुन्हा चपळ होतात. याच वेळी जलाशय आटत असल्याने तेवढेच मासे कमी पाण्यात एकवटतात आणि वर्षातील सर्वाधिक मासळी या काळात मिळते. नदीपात्रात प्रवाह खंडित होऊन केवळ डोह उरतात. हे डोह म्हणजे पुढील पावसाळ्यातील प्रजननासाठी जिवंत राहिलेल्या माशांचे आश्रयस्थान असते. डोहातील मासे विष किंवा सुरुंगाची दारू वापरून मारल्यास नदीच्या त्या भागातील बीजच नाहीसे होते. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ अन्वये हे दोन्ही प्रकार गुन्हे ठरविण्यात आले आहेत. देहू येथील इंद्रायणीच्या डोहांतील मासे पवित्र मानून पकडले जात नाहीत. अशा श्रद्धेने राखलेले डोह हे वस्तुतः परंपरागत अभयारण्येच होत; तथापि वरून येणाऱ्या सांडपाण्यापासून श्रद्धा त्यांचे रक्षण करू शकत नाही.

उन्हाळ्यातील मुख्य संकट ऑक्सिजनच्या तुटवड्याचे असते. २०° से. तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३०° से. ला हे प्रमाण सु. ७·५ मिग्रॅ. पर्यंत उतरते. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी मुळा-मुठा, पवना व इंद्रायणी यांवाटे भीमेत येते. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे उजनीच्या वरच्या भागात सुपोषण होऊन जलपर्णी व नील-हरित शैवले माजतात आणि पाणी गडद हिरवे दिसू लागते. शैवले दिवसा ऑक्सिजन सोडतात. पण रात्री तीही तो वापरतात. त्यामुळे पहाटे ऑक्सिजन न्यूनतम होतो व मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या जोरदार सरीने नदीतळाशी साचलेली घाण एकदम ढवळून वाहू लागते, तेव्हा एका रात्रीत मोठ्या प्रमाणावर मासे मरण्याचे प्रकारही घडतात. म्हणजे प्रजननाची चाहूल देणारी पहिली सरच दूषित नदीत माशांचा घात करते.

दुसरे संकट वाऱ्याचे. एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसापूर्वी सुटणाऱ्या वादळी वाऱ्याने उजनीसारख्या विस्तीर्ण व उघड्या जलाशयात काही मिनिटांतच उंच लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) या मार्गावर अशाच वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहाजण बुडाले. दुपारनंतर ईशान्येस वा पूर्वेस ढग दाटू लागताच काठ गाठावा, ही मच्छीमारांची जुनी शिस्त आहे. तिच्याबरोबर तरंग-जाकिटांचा वापरही आवश्यक ठरतो.

उजनीचा मृतसाठा : उजनीची एकूण साठवणक्षमता सु. ३,३२० दशलक्ष घन मी. (११७ अब्ज घनफूट) आहे. तीपैकी सु. १,५१७ दशलक्ष घन मी. हा उपयुक्त साठा व सु. १,८०३ दशलक्ष घन मी. हा मृतसाठा होय. मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा असणे हे या जलाशयाचे वैशिष्ट्य आहे. पाण्याची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली जात असल्याने पातळी त्याखाली गेली की ती ‘उणे’ सांगितली जाते. उणे ५० टक्के असताना सिंचन संपुष्टात येते; परंतु जलाशयात सु. १,०४० दशलक्ष घन मी. पाणी असते. लहान तलाव उन्हाळ्यात कोरडे पडून त्यांतील मत्स्यसाठा दरवर्षी नव्याने उभारावा लागतो, तसे उजनीत होत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. अशा वर्षी पळसदेव येथील बुडालेले मंदिर उघडे पडते, मासे अतिशय दाटीने एकत्र येतात व मासळी विपुल मिळते. ही विपुलता फसवी असते. या काळात पक्व माशांचा अतिरेकी उपसा झाल्यास पुढील एक-दोन वर्षांचे उत्पन्न घटते.

साधने : नदीच्या उथळ भागात फेकजाळे, खडकाळ भागात गळ व अनेक गळांची दावण आणि जलाशयांत नायलॉनची कल्ला-जाळी वापरतात. कल्ला-जाळ्यात विशिष्ट आकाराचाच मासा अडकतो. त्यामुळे त्याचा आस (छिद्र) मोठा ठेवल्यास लहान मासे आपोआप निसटतात. याउलट ‘वडाप’ यासारखी बारीक आसाची ओढजाळी बोटुकलीसह सर्वच मासे ओढून आणतात. सोडलेले बीज काही आठवड्यांतच अशा जाळ्यांत सापडल्यास बीज सोडण्याचा खर्च व्यर्थ जातो. म्हणून त्यांवर बंदी असावी, अशी मागणी खुद्द मच्छीमारांकडूनच वारंवार झाली आहे. होड्या पूर्वी लाकडी असत. आता पत्र्याच्या व काचतंतूंच्या होड्या आणि गरीब मच्छीमारांत हवा भरलेल्या रबरी नळ्याही वापरात आहेत. मासळीचा लिलाव भिगवण व इंदापूर येथील बाजारांत होतो आणि तेथून ती पुणे-सोलापूर मार्गाने इतरत्र जाते. दराचेही हंगामी चक्र असते : उन्हाळ्यात आवक वाढून दर पडतात. श्रावणात आवक कमी असूनही मांसाहार वर्ज्य मानणाऱ्यांमुळे मागणी घटते. हा काळ प्रजननाच्या काळाशी जुळतो, ही माशांच्या दृष्टीने हिताची गोष्ट होय.

हंगामातील स्थित्यंतर व संवर्धन : चिलापी आपली अंडी व पिले तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा प्रजनन करतो आणि त्याला पुराची आवश्यकता नसते, अल्प ऑक्सिजन व दूषित पाणीही तो सहन करतो. धरणे व प्रदूषण यांनी जी परिस्थिती निर्माण केली तीच त्याला मानवली. त्यामुळे उजनीत बारमाही मासळी मिळू लागली असली, तरी ती बव्हंशी लहान आकाराची व कमी भावाची असते आणि ऋतुचक्राशी बांधलेल्या मूळ जाती मागे पडल्या आहेत. अलीकडे शोभिवंत मासा म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकी ‘सकर’ मासाही जाळ्यांत येतो. त्याला बाजारात किंमत नाही व त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात.

मूळ जातींच्या संवर्धनाचा एक उल्लेखनीय प्रयत्न याच खोऱ्यात झाला. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयातील महसीर पावसाळ्यात ओढ्यांच्या मुखाशी प्रजननासाठी येतात. त्यांना पकडून अंडी व शुक्रद्रव काढणे आणि कृत्रिम फलन घडवून पिले वाढविणे हे काम १९७० नंतर डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे सुरू झाले व तेथील बीज देशात अनेक ठिकाणी पाठविण्यात आले. मात्र कावेरीत सोडलेल्या दख्खनी महसिरामुळे तेथील स्थानिक कुबड्या महसीर धोक्यात आल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. बीज सोडताना त्या नदीची मूळ जाती कोणती हे पाहणे आवश्यक असते, हा धडा त्यातून मिळाला.

भीमा खोऱ्यातील मासेमारी टिकविण्यासाठी पुढील उपाय महत्त्वाचे आहेत : पावसाळ्याच्या प्रारंभी प्रजननकालात मासेमारी बंद ठेवणे व त्या काळात मच्छीमार कुटुंबांना निर्वाहसाहाय्य देणे, जून-जुलैमध्ये वरच्या धरणांतून थोडे पाणी नदीत सोडून नैसर्गिक लोंढ्याची जागा भरून काढणे, जाळ्यांच्या आसाची किमान मर्यादा पाळणे, उन्हाळ्यातील ठराविक डोह राखीव ठेवणे, आणि सांडपाण्यावर प्रक्रिया झाल्याशिवाय ते नदीत येऊ न देणे. यांपैकी पहिले चार उपाय मासेमारीशी व धरणांच्या पाणीवाटपाशी संबंधित आहेत. शेवटच्या उपायाची जबाबदारी मात्र खोऱ्याच्या वरच्या भागातील नागरी वस्तीवर पडते. तो झाल्याखेरीज इतर उपायांचे फळ पूर्णपणे पदरात पडणे कठीण आहे.